रेरा पझेशन, टार्गेट पझेशन आणि तिसरी तारीख : महारेराच्या संकेतस्थळाचे परीक्षण

पुणे, ठाणे किंवा पनवेल परिसरातील नव्या गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयात ताब्याच्या दोन तारखा ऐकायला मिळतात. पहिली ‘रेरा पझेशन’, जी पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि दुसरी ‘टार्गेट पझेशन’, जी विक्री प्रतिनिधी तोंडी सांगतो आणि जी बहुधा वर्ष-दीड वर्ष अलीकडची असते. ज्याला गृहकर्जाचा हप्ता आणि राहत्या घराचे भाडे एकाच पगारातून भागवायचे आहे, त्याचे या दोन्ही तारखांनी भागत नाही. त्याला हवी असते तिसरी तारीख, म्हणजे काम खरोखर कधी संपेल याचा अंदाज. महाराष्ट्रात असा अंदाज बांधण्यासाठी सामान्य ग्राहकाच्या हाती असलेले सर्वांत उपयुक्त, आणि तेही मोफत, साधन म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, अर्थात महारेराचे, संकेतस्थळ होय. तक्रार निवारण, दलालांची नोंदणी वगैरे त्याची इतर अंगे बाजूला ठेवून, ‘इमारत कधी पूर्ण होईल’ या एकाच प्रश्नासाठी ते किती कामाचे आहे, एवढेच येथे पाहिले आहे.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘रेरा’, २०१६ साली संमत झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. अगदी लहान प्रकल्प (५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका) वगळता नोंदणीशिवाय जाहिरात वा विक्री करता येत नाही, आणि नोंदणी झालेल्या प्रत्येक प्रकल्पाचे एक पान या संकेतस्थळावर असते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाल्यामुळे फोनचा कॅमेरा धरला की हे पान समोर येते. ते पाहण्यासाठी शुल्क लागत नाही.

पानावरची ठळक गोष्ट म्हणजे प्रकल्पपूर्तीची प्रस्तावित तारीख. बहुसंख्य ग्राहक तिच्यापाशीच थांबतात आणि ‘रेराने दिलेली तारीख’ असा तिचा उल्लेख करतात, पण ती रेराने दिलेली नसते. अधिनियमाच्या कलम ४ नुसार ती खुद्द प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, प्रतिज्ञापत्रावर जाहीर केलेली असते आणि नोंदणीही तेवढ्याच मुदतीपुरती वैध राहते. अर्ज आल्यापासून ३० दिवसांत प्राधिकरणाने निर्णय दिला नाही, तर नोंदणी झाली असे मानण्याची तरतूद कायद्यातच आहे. एवढ्या अवधीत मालकी हक्काची कागदपत्रे, मंजूर नकाशे आणि बोजे तपासता येतील. बावीस मजले तीन वर्षांत उभे राहतील की नाही, याची तांत्रिक छाननी त्यातून होईल अशी अपेक्षा ठेवणेच चुकीचे आहे.

ही तारीख बहुधा लांबची का असते, याचे कारणही कायद्यातच सापडते. करारात ठरलेल्या मुदतीत ताबा दिला नाही, तर कलम १८ नुसार ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो किंवा घर कायम ठेवून दरमहा व्याज मागू शकतो, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे व्याजाचा हा दर भारतीय स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जव्याजाच्या आधारदरापेक्षा) दोन टक्के जास्त असतो. त्यामुळे कागदावर ऐसपैस मुदत घ्यायची आणि ग्राहकाला तोंडी जवळची तारीख सांगायची, ही रीत रूढ झाली. माझ्या मते यात गैर फक्त दुसरा भाग आहे. कागदावरची सैल मुदत ही निदान धोका लक्षात घेऊन काढलेली मुदत असते. पण तीही ‘याहून उशीर केला तर दंड बसेल’ अशी सीमारेषा आहे, काम कोणत्या गतीने चालले आहे याविषयी ती काहीच सांगत नाही.

गतीची माहिती पानाच्या आतल्या बाजूला, प्रवर्तकाने दर तिमाहीला भरायच्या प्रगती अहवालात आणि त्यासोबतच्या प्रमाणपत्रांत असते. सेवेचा खरा ऐवज येथे आहे. वास्तुविशारदाने सही केलेल्या ‘फॉर्म १’ मध्ये प्रत्येक इमारतीचा किंवा विंगचा स्वतंत्र तक्ता असतो. त्यात खोदकाम, तळघरे, जोते, पोडियम, स्टिल्ट, वरच्या मजल्यांचे स्लॅब, आतल्या भिंती, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, संडास-बाथरूमची जोडणी, जिने, लिफ्टचे कूप, पाण्याच्या टाक्या, बाहेरचा गिलावा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, आवारभिंत अशा क्रमाने कामे मांडलेली असतात आणि प्रत्येकासमोर किती टक्के काम झाले ते लिहिलेले असते. दुसऱ्या तक्त्यात अंतर्गत रस्ते, मलनिस्सारण, पर्जन्यजलवाहिन्या, सांडपाणी प्रक्रिया, विजेचे उपकेंद्र अशी सामाईक कामे येतात.

हा तक्ता वाचताना सर्व टक्क्यांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. खोदकाम १००, जोते १००, स्लॅब ७० आणि लिफ्ट शून्य यांची सरासरी काढून जो आकडा येईल, त्याला काहीही अर्थ नसतो, कारण या कामांचा वेळ सारखा नाही आणि त्यातली बरीचशी एकमेकांवर अवलंबून आहेत. त्याऐवजी एकच काम निवडून ते सलग तीन-चार तिमाह्यांत कसे सरकले, ते पाहावे. समजा, बावीस मजल्यांच्या एका इमारतीत स्लॅबचे काम मार्चअखेर ४० टक्के, जूनअखेर ४५ टक्के आणि सप्टेंबरअखेर ५० टक्के दाखवले आहे. याचा अर्थ तिमाहीला जेमतेम एक मजला चढतो आहे आणि हाच वेग राहिला तर उरलेल्या अकरा मजल्यांच्या सांगाड्यालाच आणखी दहा तिमाह्या, म्हणजे अडीच वर्षे, लागतील. आता याच्या शेजारी साइटवरची नेहमीची गती ठेवून पाहावी. साध्या शटरिंगने एका मजल्याचा स्लॅब साधारण पंधरा ते वीस दिवसांत पडतो, आणि ज्याला साइटवर सरसकट ‘मिवान’ म्हणतात त्या ॲल्युमिनियम फॉर्मवर्कने तर आठ-दहा दिवसांत. तेव्हा तिमाहीला चार-पाच मजले व्हायला हवेत आणि होतो आहे एक, तर अडचण बांधकामाच्या तंत्रात नसून पैशांत, परवानगीत किंवा मजुरांच्या संख्येत आहे, हे ग्राहकाला साइटवर न जाताही कळते. तिमाहीचे हे तीन आकडे ग्राहकाला जे सांगून जातात, ते विक्री कार्यालयातला काचेच्या पेटीतला नमुना कधीच सांगणार नाही.

पावसाळ्याचा हिशेब मात्र आपला आपणच धरावा लागतो. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कोकणपट्टीत तळघराचे खोदकाम आणि जोत्याचे काम मंदावणे स्वाभाविक आहे. त्या एका तिमाहीवरून निष्कर्ष काढू नये. उलट, जोत्याच्या वर गेलेली इमारत केवळ पावसामुळे तीन महिने थांबली, असे कोणी सांगितले तर त्यावर सहसा विश्वास ठेवू नये.

अंदाज सर्वाधिक चुकतो तो शेवटच्या टप्प्यात. सांगाडा पूर्ण झाला की ग्राहकाला इमारत ‘झाली’ असे वाटते, आणि बांधकामाच्या टप्प्यांनुसार द्यायच्या रकमेचा बराचसा भाग तोपर्यंत त्याच्याकडून गेलेलाही असतो. प्रत्यक्षात वीटकाम किंवा ब्लॉककाम, त्यात विजेच्या नळ्या आणि पाण्याचे पाइप, मग गिलावा, गिलाव्याला पाणी मारण्याचे दिवस, मग बाथरूमचे वॉटरप्रूफिंग आणि त्यात पाणी साठवून घेतलेली गळतीची चाचणी, मग फरशी, मग दारे आणि रंग, असा क्रम असतो आणि तो घाई करून फारसा आकसत नाही. काँक्रीट आणि गिलाव्याला पाणी मारण्याचे दिवस पैशांनी विकत घेता येत नाहीत. त्यानंतर लिफ्टची तपासणी आणि परवाना, अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला, पाणी आणि मलवाहिनीची जोडणी, आणि सर्वांत शेवटी महापालिकेचे किंवा नियोजन प्राधिकरणाचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याची परवानगी. हा टप्पा बिल्डरच्या हातातला नाही, पण तो अंदाजात धरणे त्याच्या हातात नक्कीच आहे. म्हणूनच ‘फॉर्म १’ वाचताना माझी नजर स्लॅबच्या ओळीनंतर थेट खाली लिफ्ट, अग्निशमन आणि सांडपाणी प्रकल्प यांच्या ओळींवर जाते. स्लॅब १०० टक्के होऊन वर्ष उलटले आणि या ओळी अजून शून्यावर असतील, तर सहा महिन्यांत किल्ली मिळेल हे तोंडी आश्वासन बाजूला ठेवावे. याच टप्प्यावर ‘फिट-आउट पझेशन’ नावाचा प्रकार पुढे येतो. भोगवटा प्रमाणपत्राआधी आतले फर्निचर करून घ्यायला किल्ली देणे म्हणजे कायदेशीर ताबा नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

अभियंत्याचा ‘फॉर्म २’ आणि सनदी लेखापालाचा ‘फॉर्म ३’ हे दोन कागद रुक्ष वाटतात म्हणून वगळले जातात, पण वेळेचा प्रश्न बहुतेकदा पैशांचाच असतो. ‘फॉर्म २’ मध्ये बांधकामाचा अंदाजित खर्च, आतापर्यंत झालेला खर्च आणि उरलेला खर्च असतो. ‘फॉर्म ३’ मध्ये जमिनीसह एकूण खर्चाचे चित्र असते, आणि चालू प्रकल्पांच्या बाबतीत विकलेल्या घरांकडून अजून किती रक्कम यायची आहे व किती घरे विकायची शिल्लक आहेत, हेही त्यात मांडलेले असते. उरलेला खर्च मोठा, विकलेल्या घरांकडून येणे थोडे आणि निम्मी घरे पडून, असे चित्र असेल तर इमारतीचा वेग पुढच्या विक्रीवर अवलंबून आहे, असे समजावे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याची सक्ती आहे आणि याच तीन व्यावसायिकांच्या प्रमाणपत्रांच्या आधारे, झालेल्या कामाच्या प्रमाणात, त्यातून पैसे काढता येतात. त्यामुळे टक्केवारी चढी दाखवण्याचा मोहही येथे संभवतो. प्रमाणपत्रावरच्या आकड्याची साइटवर जाऊन एकदा ताडून खात्री करणे त्यासाठी आवश्यक आहे. स्लॅब मोजायला अभियंता लागत नाही, रस्त्यावर उभे राहूनही ते मोजता येतात.

या सेवेचा सर्वांत कमी वापरला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग म्हणजे प्रवर्तकाच्या नावाने शोध घेण्याची सोय. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली असे मांडले की, माणूस हाती घेतलेल्या कामाचा वेळ आतून, म्हणजे आपल्याच योजनेच्या तपशिलावरून, ठरवतो आणि म्हणून तो सतत कमी धरतो; त्याऐवजी तशाच इतर कामांना प्रत्यक्ष किती वेळ लागला हे आधी पाहावे. घराच्या बाबतीत ‘तशीच इतर कामे’ शोधणे एरवी अवघड असते, पण येथे ती एका शोधात समोर येतात. त्याच प्रवर्तकाचे आणखी पाच प्रकल्प उघडावेत, त्यांची मूळ तारीख आणि सुधारित तारीख शेजारी लिहावी, पूर्ण झालेल्यांचे भोगवटा प्रमाणपत्र कोणत्या महिन्यातले आहे ते पाहावे. पाचपैकी चार प्रकल्प दीड-दोन वर्षे लांबले असतील, तर सहावा वेळेत होण्यासाठी काही विशेष कारण असायला हवे. ते कारण विक्री प्रतिनिधीला विचारावे. गेल्या पाच वर्षांतील प्रकल्पांची आणि त्यांतील विलंबाची माहिती देणे नोंदणीच्या वेळी प्रवर्तकावर बंधनकारक आहेच, परंतु स्वतः पाने उघडून पाहण्याने जे कळते, ते त्या निवेदनाने कळत नाही.

हे करताना करोनाकाळाची वजाबाकी करणे न्यायाचे आहे. १५ मार्च २०२० रोजी किंवा त्यानंतर पूर्ण होणार असलेल्या प्रकल्पांना महारेराने सहा महिने वाढवून दिले होते आणि २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेनंतर, आणखी सहा महिन्यांची मुभा दिली. त्या काळातील प्रकल्पात सहा किंवा बारा महिन्यांचा फरक दिसला, तर तो बिल्डरच्या खात्यावर टाकू नये. त्यापलीकडच्या मुदतवाढी निराळ्या. युद्ध, पूर, भूकंप, चक्रीवादळ यांसारख्या आपत्तींची सबब सोडली, तर कलम ६ नुसार प्रवर्तकाला एकूण एका वर्षाहून अधिक वाढ मागता येत नाही; त्यापुढेही वाढ हवी असेल तर ती या कलमाबाहेरची असते आणि तिच्यासाठी सर्वसाधारणपणे ५१ टक्के ग्राहकांची संमती जोडावी लागते. अशी संमती जोडलेली दिसली, तर निम्म्याहून अधिक शेजाऱ्यांनी उशीर मान्य केला आहे, एवढे तरी समजते.

आणखी एक पेच टप्प्यांचा आहे. मोठ्या गृहसंकुलात प्रत्येक विंगची किंवा टप्प्याची वेगळी नोंदणी करता येते आणि प्रत्येकाची तारीख वेगळी असते. आपल्या विंगची तारीख २०२७ ची, पण पोहण्याचा तलाव, क्लब हाउस आणि वाहनतळाची वरची पातळी ज्या टप्प्यात आहे त्याची तारीख २०३० ची, असे घडू शकते. जाहिरातीत मात्र सगळे एकाच चित्रात असते. आपण घेत असलेल्या सुविधा कोणत्या नोंदणी क्रमांकाखाली येतात, हे तपासल्याशिवाय अंदाज पुरा झाला असे म्हणू नये; नाहीतर राहायला गेल्यावर तीन वर्षे शेजारच्या विंगचे सिमेंटचे मिक्सर हेच अंगण ठरते.

पानावरची तारीख आणि करारनाम्यातील ताब्याची तारीख या एकच असतील असेही गृहीत धरू नये. मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ च्या नीलकमल रिअल्टर्स प्रकरणातील निकालात हे स्पष्ट केले की, नोंदणी करताना प्रवर्तकाला पूर्ततेची नवी मुदत जाहीर करता येते, परंतु त्यामुळे करारनाम्यातील मुदतीनुसार येणाऱ्या जबाबदारीतून त्याची सुटका होत नाही. म्हणजे दाद मागायची वेळ आलीच, तर विलंब मोजायला सुरुवात करारनाम्यातल्या तारखेपासून होते. ‘टार्गेट पझेशन’ला या सगळ्यात कुठेच स्थान नाही, ती करारात लिहून द्या म्हटल्यावर विक्री प्रतिनिधीच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यावरून तिची किंमत करावी.

आता उणिवा. बहुतेक प्रमाणपत्रे इंग्रजीत आणि स्कॅन केलेल्या कागदांच्या रूपात असतात. ज्या राज्याचा सारा महसुली कारभार मराठीत चालतो, तेथे घर घेणाऱ्याने ‘सुपरस्ट्रक्चर’ आणि ‘प्लिंथ प्रोटेक्शन’ यांचे अर्थ शोधत बसावे, हे बरे नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे वेग ग्राहकाला स्वतः काढावा लागतो. सलग तिमाह्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून, गेल्या वर्षभराच्या गतीने गेल्यास काम कधी संपेल हे दाखवणारी एक साधी आलेखरेषा पानाच्या माथ्यावरच असायला हवी. त्यासाठी लागणारी सारी माहिती प्राधिकरणाकडे आधीच आहे. तिसरी उणीव कारणांची आहे : तारीख बदलते तेव्हा ती का बदलली, हे मुदतवाढीच्या कागदांत खोलवर शोधावे लागते. तिमाही अहवाल न भरल्यामुळे २०२३ मध्ये महारेराने शेकडो प्रकल्पांची नोंदणी स्थगित केली, ही कारवाई स्वागतार्हच होती, आणि तिचा एक उपयोग असाही की आता रिकामी तिमाही हीच स्वतःमध्ये एक नोंद ठरते. ज्याचे काम वेगात चालले आहे, तो अहवाल भरायला सहसा विसरत नाही.

ही सेवा ज्यांच्या फारशी उपयोगाची नाही असा एक मोठा वर्ग मुंबई-पुण्यात आहे, तो म्हणजे पुनर्विकासात गेलेल्या सोसायट्यांच्या मूळ सभासदांचा. त्यांच्या घरांची मुदत विकास करारात असते, पानावरची तारीख मुख्यतः विक्रीच्या घरांना लागू असते आणि विलंबाबद्दल महारेराकडे त्यांना सहसा थेट दाद मिळत नाही. तरीही इमारत एकच असेल, तर ‘फॉर्म १’ मधले स्लॅब त्यांच्याही डोक्यावरचेच असतात. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांसाठी वाढवायचा की बावीस, हे ठरवण्यापूर्वी त्यांनीही मागच्या चार तिमाह्यांचे ते पान उघडावे.